आजोबा, तोंड मिटा

बाई शाळेतून घरी आल्या तेव्हा आजोबा जेवणाच्या टेबलावर चारी पायांवर उभे होते आणि डॉक्टर त्यांच्या तोंडात बारका आरसा घालून दाढा तपासत होते. बाईंनी पर्स खुंटीला अडकवली, चपला काढल्या आणि कुणालाच उद्देशून नसलेल्या आवाजात विचारलं, "आज आपण जेवायचं कुठे?"

"झालंच," डॉक्टर आरशातून नजर न काढता म्हणाले. "वरची डावीकडची शेवटची तेवढी राहिलीय."

आजोबांचं वय अवघं दीड वर्ष होतं. ते श्नाउझर जातीचे होते, म्हणजे अंगाने राखाडी, बांध्याने चौकोनी, आणि तोंडावर पांढरी दाढी, झुपकेदार मिश्या नि डोळ्यांवर उतरलेल्या भुवया. टोपलीतून घरी आलेलं ते ओंजळभर पिल्लू पाहून बाई म्हणाल्या होत्या, "हे पिल्लू कसलं, हे कुणाचे तरी आजोबा उचलून आणलेत तुम्ही." कागदोपत्री त्यांचं नाव तीन ओळींचं होतं. त्यात एक किल्ला होता, एक नदी होती आणि कुठल्याशा सरदाराचा उल्लेख होता. ते एका दमात कुणालाच म्हणता येईना, म्हणून आजोबा हेच नाव राहिलं, आणि नावामागोमाग आदरार्थी बहुवचनही आलं. आजोबांनी पायपुसणं फाडलं, आजोबा सोफ्यावर मुतले, आजोबांना गॅलरीत बांधून ठेवा, ही वाक्यं त्या घरात इतक्या सहज बोलली जात की पहिल्यांदा आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून उठत.

डॉक्टर, म्हणजे बाईंचे यजमान, दातांचे होते. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. कुत्र्यांचं वेड त्यांना लहानपणापासूनच होतं, पण आजवरचे कुत्रे आपले साधे होते. यायचे, खायचे, आवडलं तर राहायचे. शुद्ध रक्ताचं खूळ डोक्यात शिरलं ते मेजरसाहेबांमुळे. हे निवृत्त गृहस्थ दाढ दुखते म्हणून आले. हिरडीला इंजेक्शन होतं तोवर त्यांना बोलता येत नव्हतं. त्याचा अंमल उतरला आणि ते कुत्र्यांवर इतकं बोलले, की पुढच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागलं. त्यांच्याकडे याच जातीची एक कुत्री होती. तिला देशभरातल्या प्रदर्शनांत इतकी बक्षिसं मिळाली होती की मेजरसाहेब तिला महाराणी म्हणत आणि तिच्यासमोर आवाज चढवत नसत.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या नाश्त्याच्या टेबलावर एक जाड पुस्तक आलं. आदर्श श्नाउझर कसा असावा, याचं त्यात नखशिखांत वर्णन होतं. मान किती उंच, छाती किती खोल, पाठीची रेघ कुठे सरळ आणि कुठे उतरती. वाईट एवढंच की पुस्तक मिटल्यावरही डॉक्टरांची नजर मिटेना. बँकेच्या मॅनेजरबद्दल ते म्हणाले, माणूस चांगला आहे पण मागच्या पायांत जोर नाही. बाईंच्या धाकट्या भावाला दारातून येताना बघून, खांदे सैल पडलेत, असं पुटपुटले. तेव्हा बाईंनी एवढंच सांगितलं होतं, की माझ्याबद्दल एक अक्षर काढलंत तर पुस्तक आणि तुम्ही, दोघांचाही मुक्काम गॅलरीत.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, तर डॉक्टरांना आजोबा आणि महाराणीची पिल्लं हवी होती. आपल्या हातची, आपल्या घराण्याच्या नावाची शुद्ध पिल्लं. मुलं नोकरीनिमित्त लांब गेली होती, दवाखान्यात रोज तीच कीड आणि तीच कवळी. आपण एक वंश सुरू केला असं कुठेतरी लिहिलं जावं, असं डॉक्टरांना फार वाटत होतं. मेजरसाहेबांची ना नव्हती, फक्त एक अट होती. आजोबांना श्वानप्रदर्शनात परीक्षकांकडून 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला पाहिजे. त्याखालचा शेरा असलेला नवरा महाराणीच्या दारात उभा राहणार नव्हता. शिवाय तिच्या वयाच्या मानाने श्वानक्लबच्या नियमाप्रमाणे तिचं आता एकच बाळंतपण शिल्लक होतं, आणि थंडी संपताना ती माजावर येणार होती. तोवर दोनच प्रदर्शनं होती.

डॉक्टर जोरात तयारीला लागले. दोरी ढिली ठेवून शेजारी तुरुतुरु चालणं, पाय नीट टेकून पुतळ्यासारखं उभं राहणं, हे आजोबा हळूहळू शिकले. बाकीच्या मालकांना धास्ती असते ती दातांच्या तपासणीची. परका माणूस वाकून तोंडाशी हात नेतो, आणि कुत्रं भुंकतं, मान काढून घेतं, एखादं बोटही धरतं. डॉक्टरांना या बाबतीत काडीची चिंता नव्हती. दात हा त्यांच्या घरचा विषय होता.

दवाखाना रिकामा झाला की आजोबा आपण होऊन खुर्चीत चढून बसत. डॉक्टर पांढरा कोट घालून दिवा लावत, वाकत, आणि म्हणत, "आ." आज्ञाधारक पेशंटसुद्धा उघडणार नाही एवढं तोंड आजोबा उघडत. सिस्टर बाजूला बिस्किटं घेऊन उभ्या. दात घासून, पुदिन्याच्या पेस्टने चकचकीत करून झाले की आजोबा रीतसर डावीकडे बेसिनवर मान झुकवत आणि लाळ गाळत.

"डॉक्टर, माणसंसुद्धा इतकं शहाण्यासारखं करत नाहीत," सिस्टर म्हणत.

"रक्त," डॉक्टर म्हणत. "शुद्ध रक्त आहे."

पहिल्या प्रदर्शनाला डॉक्टर टाय लावून गेले. मोठं मैदान, दोऱ्या बांधून केलेले चौकोन, चौकोनांच्या भोवती घडीच्या टेबलांवर उभे कुत्रे आणि त्यांच्यावर पावडर, कंगवे आणि केस वाळवायची यंत्रं घेऊन तुटून पडलेली माणसं. कुत्रे शांत होते. माणसांचा ताबा सुटला होता. आजोबा चौकोनात आले, चालले, उभे राहिले. परीक्षक हे मोजकं बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेले सडपातळ गृहस्थ होते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, छाती चाचपली, मान हलवली. दोरीबाहेर उभ्या मेजरसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहून डोळा मिचकावला. मग परीक्षक वाकले आणि मिश्यांना हात लावणार, तोच आजोबांनी आ केला.

परीक्षक थांबले. आजोबाही थांबले, आ करून.

"तोंड बंद करा त्याचं," परीक्षक म्हणाले.

"हो हो. आजोबा, बंद."

आजोबांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी अजून मोठा आ केला. परीक्षकांनी शांतपणे समजावलं, की दात बंद तोंडात बघायचे असतात. ओठ उचलला की वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीच्या पात्यासारखे टेकलेले दिसले पाहिजेत. डॉक्टरांना हे माहीत होतं. पुस्तकात होतं, चित्रासकट होतं, त्यांनी त्याखाली रेघही मारली होती. पण उभ्या आयुष्यात त्यांनी काम व्हायच्या आधी कुणालाही तोंड मिटायला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी जबडा मिटवून पाहिला. मिटला, पण मग दातांवर डॉक्टरांचे हात आले. हात काढले की आ. परीक्षकांनी स्वतः प्रयत्न केला, आणि परका हात जबड्यावरून दूर होताच, काम संपलं असं समजून आजोबांनी मान डावीकडे झुकवली. बेसिन तिथे नव्हतं. परीक्षकांचा बूट होता.

शेऱ्याच्या जागी लिहिलं गेलं, दात तपासता आले नाहीत.

"डॉक्टर," बाहेर आल्यावर मेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही कुत्रा आणलाय की पेशंट?"

आता उरलं एकच प्रदर्शन. डॉक्टरांनी उलटी शिकवणी सुरू केली आणि तिथेच घोळ वाढला. तोंड मिटलं तर बिस्किट द्यायचं, हा नियम कागदावर बिनतोड होता, पण बिस्किट खायला तोंड उघडावं लागतं. आजोबांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की मिटणं ही मधली कटकट आहे, खरं काम उघडण्याचंच. डॉक्टरांनी कोट काढून रंगीत शर्ट घातला. आजोबांनी आ केला. दिवा बंद केला. आजोबांनी अंधारात आ केला, हे डॉक्टरांचा हात आत गेल्यावर कळलं. पाहता पाहता आजोबांचा असा ग्रह झाला, की जो कुणी आपल्यापुढे वाकेल तो दात बघायलाच वाकतोय. मीटर बघायला टॉर्च घेऊन आलेल्या माणसासमोर त्यांनी आ केला. वर्तमानपत्र उचलायला वाकलेल्या शेजारणीसमोर केला. शेजारीण घाबरून घरात गेली आणि तिच्या नवऱ्याने दारात येऊन तक्रार केली, की तुमचा कुत्रा दात विचकतो.

"विचकत नाहीत हो, दाखवतायत," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले. "फरक आहे."

नवऱ्याला फरक समजला नाही. समजावून सांगताना डॉक्टर वाकले तर आजोबांनी पुन्हा दाखवले.

दवाखान्यातही गडबड सुरू झाली. दिवसभर मनात एकच घोकंपट्टी चाललेली, त्यामुळे एका सकाळी दाढदुखीने हैराण झालेला विमा एजंट खुर्चीत बसून तोंड उघडतो न उघडतो तोच डॉक्टर करारी आवाजात म्हणाले, "मिट." एजंट गोंधळला, पण दुखऱ्या माणसाला वाद घालायची ताकद नसते. त्याने तोंड मिटलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी त्याचा ओठ उचलला, पुढचे दात एकमेकांवर कसे बसलेत ते नीट पाहिलं आणि चेहरा उजळून म्हणाले, "वा. सिस्टर, ह्यांना बिस्किट द्या."

दाढ तशीच ठेवून एजंट निघून गेला. त्याचा धंदाच दारोदार बोलण्याचा होता, त्यामुळे ही हकीकत संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झाली. पुढचे काही दिवस पेशंट कमी आणि बघे जास्त, अशी परिस्थिती होती. सिस्टरांनी सरळ सांगितलं, की डॉक्टर, एक तर त्यांना तरी शिकवा नाहीतर आम्हाला तरी सुट्टी द्या.

प्रदर्शन जवळ आलं तशी संध्याकाळची शिकवणी पुन्हा वर जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, गणित शिकवत, आणि एके दिवशी त्यांच्या शाळेत कुणीतरी प्रयोगशाळेतला बेडूक शिक्षकांच्या खोलीत सोडलेला होता. सबंध दिवस चौकशीत गेला होता आणि बेडूक अजून सापडायचा होता. अशा मनःस्थितीत त्या घरी आल्या तर टेबलावर आजोबा आ करून उभे, समोर डॉक्टर गयावया करतायत, बाजूला वर बोलावलेल्या सिस्टर बिस्किटांची बशी धरून सूचना देतायत, आणि सगळे एकदम बोलतायत.

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. पर्स ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तोंड."

आजोबांचं तोंड खटकन मिटलं. डॉक्टरांचंही मिटलं. सिस्टर वाक्याच्या मधोमध थांबल्या.

डॉक्टरांनी हळूच आजोबांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उगवलं ते बघून बाई लगेच म्हणाल्या, "नाही."

"मी अजून काही बोललोच नाही."

"बोलू पण नका. अर्धं गाव माझ्या हाताखालून पास झालंय. त्यांच्यासमोर मी कुत्र्याची दोरी धरून गोल गोल पळायचं?"

पुढचे काही दिवस डॉक्टरांनी विनवण्या करून पाहिल्या, रुसून पाहिलं, भांडी घासून पाहिली. बाई बधल्या नाहीत. मग डॉक्टर गप्पच झाले. नाश्त्याला पुस्तक उघडायचं त्यांनी बंद केलं. बँकेचे मॅनेजर रस्त्यात भेटले तर त्यांच्या पायांकडे न बघता निघून गेले. मेजरसाहेबांचा फोन आला, की तुमचं जमत नसेल तर दुसऱ्या शहरात एक स्थळ बघून ठेवलंय, तर त्यावर डॉक्टर नुसतं बरं म्हणाले. ते 'बरं' बाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात डॉक्टरांनी वाद न घालता म्हटलेलं ते पहिलं 'बरं' असावं.

"एकदाच," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आणि पळणार नाही. चालेन."

बाई चौकोनात शिरल्या त्या परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरतात तशा, एक हात पाठीशी, नजर सगळीकडे आणि कुठेच नाही. शेजारच्या चौकोनातलं भुंकणं कमी झालं. दोन मालकांनी नकळत शर्ट आत खोचले. आजोबा त्यांच्या पायाला पाय लावून असे चालले, की त्यांना या जन्मात दुसरं काही येतच नसावं. दोरीबाहेर डॉक्टरांनी मेजरसाहेबांचा दंड धरला होता आणि सोडायचं विसरले होते.

परीक्षकांनी आजोबांना ओळखलं आणि आधी आपले बूट थोडे मागे घेतले. "हे तेच ना? तोंड न मिटणारे?"

"मिटतील," बाई म्हणाल्या. "आजोबा. तोंड."

आजोबांनी तोंड मिटलं. परीक्षक वाकले, त्यांनी दोन बोटांनी ती भरघोस मिशी बाजूला केली, ओठ उचलला आणि पाहिलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं. मग सरळ उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्यांचे दात कधी कुणी बघितलेत का?"

"रोज बघतात," बाई म्हणाल्या. "घरात डॉक्टर आहेत."

"कसले डॉक्टर?"

उत्तर साधं होतं, पण ते जड जाणार हे बाईंच्या लक्षात आलं होतं.

"दातांचे," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी डॉक्टरांना आत बोलावलं. डॉक्टर धावत आले, वाकले, आणि रोजचा माणूस रोजच्यासारखा वाकलेला बघून आजोबांनी प्रेमाने आ केला. बाईंनी पुन्हा तोंड असं म्हटलं. ते मिटलं. परीक्षकांनी ओठ उचलून धरला, आणि आजोबांचे मिटलेल्या तोंडातले दात डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

खालचे दात वरच्यांच्या चांगले पुढे आलेले होते. कपाटाचा खालचा खण नीट न लागता अर्धवट बाहेर राहावा, तसे. पिल्लू असताना नसतील आले. जबडा पुढे वाढत गेला असेल आणि दाढीमिश्यांनी तो झाकून घेतला असेल. त्यातला प्रत्येक दात डॉक्टरांच्या जवळच्या ओळखीचा होता. कुठल्या दातावर बारीक रेघ आहे, कुठल्या दाढेच्या खाचेत बिस्किट अडकतं, हे ते झोपेत सांगू शकले असते. वरच्यांचं आणि खालच्यांचं आपसात पटत नाही, एवढीच गोष्ट त्यांना कळली नव्हती, कारण ती दोन्ही मंडळी त्यांच्यासमोर कधी एकत्र आलीच नव्हती.

परीक्षकांनी मोठ्याने म्हणत लिहायला सुरुवात केली. पैदाशीस अयोग्य.

डॉक्टर निमूटपणे ऐकून घेत होते. आश्चर्य म्हणजे बाई घेईनात. त्यांनी परीक्षकांना विचारलं, की चालण्यात काही कमी आहे का. नाही. उभं राहण्यात? नाही. अंगकाठी, केस, वागणूक? उत्तम. "मग एवढा शिस्तीचा, सांगितलेलं ऐकणारा मुलगा," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याला दोन दात पुढे आले म्हणून नापास करताय? फेरतपासणी करा."

"बाई, नियम आहे."

"नियमाला अपवाद असतो."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा कपाळावर ठेवला आणि अदबीने म्हणाले, "मी तुमच्याच शाळेत होतो, बाई. एका मार्काने नापास झालो तेव्हा वडील तुम्हाला भेटायला आले होते. नियम म्हणजे नियम, असं तुम्ही म्हणालात."

आपलंच वाक्य उलटून ऐकणं बाईंना नवीन होतं. त्यांनी दोरी गुंडाळली, आजोबांना घेतलं आणि त्या चौकोनाबाहेर आल्या. मेजरसाहेबांनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनापासून सांगितलं, की फार वाईट वाटतं, पण महाराणीचं आता दुसरीकडे ठरवावं लागेल. "खरं सांगू, डॉक्टर? त्याचं तोंड उघडं होतं तेच बरं होतं. तोवर आशा होती."

घरी येताना आजोबा गाडीत मागच्या सीटवर ताठ बसून होते, तोंड घट्ट मिटून. 'उघड' असं सांगायला बाई विसरल्या होत्या. घराच्या दाराशी आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी "हं," म्हटलं आणि आजोबांनी एकदाची जीभ बाहेर काढली.

डॉक्टरांनी जाड पुस्तक माळ्यावर टाकलं. आपण वंश वगैरे सुरू करणारे कोण, असं काहीतरी ते म्हणाले, आणि दोन दिवस पेशंटशी इतकं नीट वागले की सिस्टरांना काळजी वाटली. बाईंच्या मात्र डोक्यातून तो शेरा जाईना. घरचं पोर नापास झालं होतं आणि ते त्यांच्या हातात असताना झालं होतं. रिकाम्या तासाला त्या फळ्यावर काहीतरी आकृत्या काढत बसत आणि कुणी आलं की पुसून टाकत.

एके दिवशी त्या शाळेतून आल्या त्या एक कुत्री घेऊन. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, जात कुठलीच नाही. ती शाळेच्या फाटकापाशी राहत असे. आगाऊ सूचना न देता कुठल्याही वर्गात यायची, दारातून सगळीकडे एकदा बघायची आणि काही न बोलता निघून जायची, म्हणून शाळेत तिला शिक्षणाधिकारी म्हणत.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोंड," बाई म्हणाल्या. कुत्रीने तोंड मिटलं. बाईंनी तिचा ओठ उचलला. "बघा. हिचे वरचे पुढे आहेत. आजोबांचे खालचे पुढे आहेत. तितकेच. मी पट्टीने मोजलेत. आता सरासरी काढा."

डॉक्टरांनी कुत्रीचा ओठ स्वतः उचलून पाहिला. "अगं, दातांची सरासरी नसते."

"गणित ह्या घरात कोण शिकवतं?"

"पण जात? कागद? शुद्ध रक्त?"

"कागदावर तुमच्या आजोबांचं नाव तीन ओळींचं होतं. त्यात किल्ला होता. जबडा सरळ झाला त्याने?"

डॉक्टरांनी आनुवंशिकतेवर बोलायला सुरुवात केली. ते अभ्यासू माणूस होते, त्यामुळे पार मुळापासून सुरुवात केली. मधे त्यांना पाणी लागलं म्हणून ते उठले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की गॅलरीचं दार उघडं आहे, आजोबा आणि शिक्षणाधिकारी तिकडे आहेत, आणि आपला मुद्दा आता फक्त तात्त्विक उरलेला आहे.

शिक्षणाधिकारी बाळंत झाल्या त्या दवाखान्यात, औषधांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सिस्टरांनी जुने एप्रन अंथरून केलेल्या गादीवर. मेजरसाहेब हात मागे बांधून, नुसतं बघायला म्हणून आले. पिल्लं राखाडी होती, तपकिरी होती, एक तर अर्धं अर्धं होतं, आणि प्रत्येकाच्या नाकाखाली मिशीची जराशी सुरुवात होती. महाराणीचं दुसऱ्या शहरातलं स्थळ तिला पसंत पडलं नव्हतं. तिने नवरदेवाचा कान फोडला होता. हे मेजरसाहेबांनी कुणी न विचारताच सांगितलं, आणि मग बराच वेळ एका राखाडी पिल्लाकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी हात स्वच्छ धुतले. चष्मा पुसला. पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं. सवयीने त्यांचा अंगठा त्याच्या जबड्याकडे गेला.

"आधी मिटून बघा," बाई मागून म्हणाल्या.

डॉक्टरांनी अंगठा मागे घेतला. पिल्लाचा इवलासा ओठ करंगळीने उचलला, दिव्याखाली धरला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं. एकही सोडलं नाही. मेजरसाहेब पुढे वाकले होते. मऊ, गुलाबी, सरळ हिरड्या होत्या. त्यांत कुठे काही पुढे नव्हतं, कुठे काही मागे नव्हतं. एकाही पिल्लाला अजून एकही दात आला नव्हता.

"शेरा?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी शेवटचं पिल्लू आईच्या कुशीत ठेवलं आणि घसा साफ केला.

"उत्कृष्ट," ते म्हणाले. मग माणूस धंद्याशी इमान राखणारा होता, म्हणून हळूच पुढे म्हणाले, "तूर्त."